पट्टा मोजा, चाक सापडेल

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘मागाच्या गिअर आणि लिव्हरमधील सुधारणा’. वेळ चाळीस मिनिटं. गिअरवर बोलायला सुरुवात केली की मी लिव्हरपर्यंत पोचत नाही, असा घरच्यांचा अनुभव आहे. आज पोचायचा प्रयत्न करतो.

समोर निम्मे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले दिसताहेत आणि निम्मे इचलकरंजीचे. म्हणजे चाकं करणारे आणि चाकं मोडणारे एकाच छपराखाली बसलेत. संयोजकांचं धाडस आहे. तुम्हाला माग म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तिथले जहागीरदार घोरपडे सरकारांनी पाठबळ दिलं, इथवरची गोष्ट तुमची पोरंसुद्धा सांगतील. मला त्याच्या पुढची गोष्ट सांगायची आहे, जी कुठल्या स्मरणिकेत येत नाही. माग विलायतेहून आला. त्याचं चाक मोडलं, तेव्हा काय झालं?

मोडकं चाक पिशवीत घालून कुणीतरी कोल्हापूरला आला. मेस्त्रींनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, “किती पायजेत?” संपला विषय. ड्रॉइंग नाही, दात्याचं माप सांगणारं मॉड्यूल नाही, डायमेट्रल पिच नाही. ‘असाच कर’ एवढं एकच स्पेसिफिकेशन.

याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर पुढं चित्रपट काढले. बघून करणं ही कोल्हापूरची विद्या आहे. ऑइल इंजिन असो, घाण्याचे रोलर असोत, पंप असो, एकदा उघडून दाखवा, आठवड्यात जुळं तयार. पण पेंटरांनी बघितलं ते चालू यंत्र होतं. आपल्याकडं पिशवीतून येतं ते झिजलेलं, मोडलेलं, कधी कधी वेल्डिंग मारलेलं चाक. त्याची हुबेहूब नक्कल केली की झीजही हुबेहूब उतरते. हेच माझं दुखणं आहे, आणि ते मी मिळेल त्या व्यासपीठावर मांडत आलोय.

आता फाउंड्रीवाल्यांनी रागवू नये. जुनं चाकच पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, म्हणून वाळूत दाबायचं, ही पद्धत आपल्याकडं होती आणि काही ठिकाणी अजून आहे. लाकडी पॅटर्नचा खर्च वाचतो. पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, फुटामागं साधारण इंचाचा दहावा हिस्सा, म्हणजे शेकडा एकाच्या आसपास. पॅटर्न करणाऱ्या सुताराकडं म्हणूनच वेगळी, मुद्दाम लांबट पट्टी असते. जुन्या चाकावरून ओतलेलं चाक शंभरातला एक भाग बारीक निघतं. त्यावरून पुढचं ओतलं की आणखी एक भाग. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं हे चालतं, आणि तिसऱ्या पिढीला मूळ अक्षर ओळखू येत नाही.

आता गंमत कुठं आहे बघा. चाक बारीक झालं तरी दाते तेवढेच राहतात. छत्तीसचं चाक छत्तीसचंच. म्हणजे पिकाचा, आडव्या धाग्यांचा, हिशेब बरोबर येतो. व्यापारी भिंग लावून एका इंचातले धागे मोजतो, बावन्न भरतात, माल पास. सरासरी बरोबर आणि आतलं सगळं वाकडं. दाते एकमेकांत ढिले बसतात. आडवा धागा ठोकून बसवणारी फणी ठोका मारते त्या क्षणी विणलेलं कापड किंचित सैल पडतं, आणि दात्यांमधली मोकळी जागा तेवढ्या वेळात आपला डाव साधते. एक धागा जवळ, एक लांब. भिंगाला हे दिसत नाही. रंगवल्यावर गिऱ्हाइकाला दिसतं.

बावन्न पीक म्हटल्यावर इचलकरंजीकरांचे कान टवकारले. साहजिक आहे. मजुरीची बोलणी बावन्न पिकाच्या कापडाला मीटरमागं किती पैसे, यावरच होतात. सूत किती लागणार ते पिकावर, माग दिवसात किती मीटर देणार तेही पिकावर. कामगार, मालक आणि व्यापारी ज्या आकड्यावर भांडतात, तो आकडा मागाच्या बाजूला ग्रीसमध्ये माखलेल्या एका चाकावर बसलेला असतो. त्या चाकाला चेंज व्हील म्हणतात, आणि भांडणाच्या बैठकीला ते कुणी आणलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या चाकांचा संच एकदा नीट सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. सात चाकांचा टेक-अप, म्हणजे विणलेलं कापड पुढं ओढणारी यंत्रणा. पहिलं रॅचेट, एकाच दिशेनं सरकणारं चाक, दाते २४, दर पिकाला एक दाता सरकतो. त्याच्याच दांड्यावर स्टँडर्ड व्हील, ३६. ते चेंज व्हीलला फिरवतं. चेंज व्हीलच्या जोडीला २४ चं स्विंग पिनियन (पिनियन म्हणजे लहान चाक), ते ८९ च्या स्टड व्हीलला फिरवतं. स्टड व्हीलच्या जोडीला १५ चं पिनियन, आणि ते शेवटच्या ९० च्या बीम व्हीलला. बीम व्हील कापड ओढणाऱ्या रोलरवर, आणि रोलरचा घेर १५.०५ इंच. गुणाकार-भागाकार करा. चेंज व्हीलच्या एका दात्याला इंचात ०.९८५६ पीक येतं. पूर्ण एक का नाही? कारण कापड मागावरून उतरलं की दीड टक्का आकसतं. तो दीड टक्का धरला की बरोबर एक. बावन्न पीक हवं तर बावन्न दात्यांचं चाक लावा, डोकं वापरू नका. ज्यानं हे ८९ आणि १५.०५ शोधून काढलं, त्याला माझा दंडवत. त्याआधीच्या पाच चाकांच्या टेक-अपमध्ये उलटं होतं. दाते वाढवले की पीक कमी व्हायचं, आणि पाव इंचातलं पीक काढायला ५०७ ला दात्यांनी भागावं लागायचं. चाळीसला पावणेतेराला थोडं कमी येतं. रात्रपाळीच्या जॉबरनं, माग जुळवणाऱ्या माणसानं, हा भागाकार करायचा, अशी अपेक्षा होती!

आता गोष्ट. कारखान्याचं नाव सांगणार नाही, मालक कदाचित इथंच बसले असतील. चांगलं कॉटन कापड, पण रंगाईला गेल्यावर आडवे पट्टे दिसायला लागले. गर्द, फिकट, गर्द, फिकट. माल परत आला. पहिला आरोप सुतावर. सूतवाला बदलला, पट्टे तसेच. मग सायझिंगवर, सुताला खळ लावण्यावर. मग हवेत दमटपणा नाही म्हणून, मग व्होल्टेजवर. शेवटी जो आरोप नेहमी उरतो तो केला. मागावरच्या कामगारावर. वयस्कर माणूस होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. दिवाणजींनी त्याच्या पगारातून डागी माल म्हणून पैसे कापायला सुरुवात केली. मामा एकच म्हणायचा, “मी हात लावत न्हाई तवाबी पट्टा येतोय.” हे शास्त्रीय निरीक्षण होतं. पण पायजम्यातल्या माणसानं केलेलं असल्यामुळं कुणी लिहून घेतलं नाही.

मी तिथं गेलो होतो दुसऱ्याच कामाला, क्रँकच्या बेअरिंगसाठी. मालकानं वैतागून तागा माझ्यापुढं टाकला. “मेस्त्री, आता तुमीच सांगा, सूत बदलू का माणूस बदलू?” मी म्हटलं, “शेठ, फूटपट्टी द्या.” फूटपट्टी कारखान्यात नव्हती. वीस-बावीस माग, आणि फूटपट्टी नाही! समोरच्या दुकानातून शाळेच्या पोराची प्लॅस्टिकची आणली. एका गर्द पट्ट्यापासून पुढच्या गर्द पट्ट्यापर्यंत मोजलं. अडीच इंच. पुढचा अडीच. तिसरा अडीचला दोरा कमी. म्हटलं, “शेठ, सूत असं मोजून खराब होत नाही. माणूसही होत नाही.”

अडीच इंच कुठून आले? शेवटच्या चाकाला ९० दाते, त्याला फिरवणाऱ्या पिनियनला १५. पिनियनचा एक फेरा म्हणजे रोलरचा सहावा हिस्सा. पंधरा इंचांचा सहावा हिस्सा अडीच. म्हणजे चूक त्याच दांड्यावर, १५ च्या पिनियनमध्ये किंवा त्याच्या जोडीच्या ८९ च्या स्टड व्हीलमध्ये. चाकाच्या एका दात्याला खडूनं खूण केली आणि माग चालू ठेवला. खूण वर आली की कापड दाट, खाली गेली की विरळ. काढून पाहिलं तर स्टड व्हीलचं भोक मधोमध नव्हतंच. कुणीतरी घाईत लेथवर धरून बोअर मारला होता. चाक एका बाजूला मोठं, एका बाजूला लहान फिरत होतं. मोठी बाजू आली की ते सावकाश फिरायचं, कापड कमी ओढलं जायचं, आणि धागे दाट बसायचे. चाक बदललं, पट्टा गेला. मालकानं मला चहा पाजला, वर भडंगही दिलं. मी विचारलं, मामाचे कापलेले पैसे? तर म्हणाले, “त्ये मागच्या म्हैन्याचं खातं बंद झालं हो.” चाक बदलता येतं, खातं बदलता येत नाही. असो. यावर मी पुष्कळ बोलू शकतो. बोलणार नाही, कारण संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर ‘१० मि.’ लिहिलंय. एवढा वेळ कुठं गेला?

तर भराभर. हाच हिशेब इतर चाकांना लावा. पंधरा इंचांवर खोट आली तर रोलर किंवा बीम व्हील. अडीच इंचांवर आली तर स्टडची जोडी. दोन तृतीयांश इंचाच्या जरा पुढं आली तर चेंज व्हील किंवा स्विंग पिनियन. दर चोवीस धाग्यांनी आली तर रॅचेट किंवा स्टँडर्ड. कारखान्यात एक फूटपट्टी टांगा, माझी पहिली सुधारणा ही. दुसरी उद्यमनगरकरांसाठी. झिजलेलं चाक नमुना म्हणून घेऊ नका. दाते मोजा, आणि मागावर जाऊन दोन दांड्यांमधलं अंतर मोजा. त्यावरून नवं ड्रॉइंग काढा आणि हॉबिंग मशीनवर दाते कापून द्या. तिसरी, चाकंच कमी करा. रोलरवर दीडशे दात्यांचं वर्म व्हील, त्याखाली एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे पाडलेला दांडा, आणि वर्मच्या दांड्यावर रॅचेट. वर्मचा फेरा म्हणजे कापडाच्या इंचाचा दहावा हिस्सा, त्यातली खोट डोळ्याला दिसत नाही. वर्म व्हीलचा फेरा पंधरा इंच, एवढ्या लांबवरचा फरक नजर जोडत नाही. ५२ दात्यांचं रॅचेट, दर पिकाला दहा दाते ढकला, आकसणं सोडलं तर बावन्न पीक. हिशेब पुन्हा दात्याला पीक असाच राहतो. जॉबर तुम्हाला दुवा देईल.

आता लिव्हर. आलो बघा शेवटी.

मागच्या बाजूला ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत गुंडाळलेला बीम असतो. त्या बीमच्या टोकाला साखळी गुंडाळलेली, साखळी लिव्हरला, लिव्हरवर वजन. साखळीचं घर्षण तेच राहतं, पण बीम रिकामा होत जातो तसा ताण्याचा ताण वाढत जातो. भरलेल्या बीमचा व्यास अठरा इंच आणि संपत आलेल्याचा सहा धरला, तर वजन न हलवता ताण तिप्पट होतो. म्हणून वजन हळूहळू टेकूकडं सरकवायचं असतं. एका कामगाराकडं सहा-आठ माग असतात, तो कधी सरकवणार? वजन सरकत नाही, धागे तुटतात. आणि नवा बीम चढवल्यावर ताण कमी पडला की लिव्हरला वीट बांधतात. मी विटा पाहिल्यात, पाट्याचा वरवंटाही पाहिलाय.

बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग थांबवणारा काटा ही १८४२ ची, केनवर्दी आणि बुलो यांची सुधारणा. आपल्याकडं अनेक मागांवर तो दोरीनं बांधून ठेवलेला असतो, कारण त्याचा लिव्हर झिजून माग उगीच थांबतो. दोरीऐवजी नवी पिन आणि बुश टाका, चहाच्या खर्चात होतं. जपानात साकिची टोयोडांनी धागा तुटला की आपोआप थांबणाऱ्या मागांवर आयुष्य घातलं. त्यांच्या १९२४ च्या मागाचे हक्क १९२९ मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. ज्यांच्याकडून जगानं माग घेतले, त्यांनी! पुढं त्या घरातून मोटारी निघाल्या, ते तुम्हाला माहीत आहे.

धोटा, म्हणजे बाणा इकडून तिकडं नेणारी लाकडी होडी, मारणाऱ्या दांड्यावर बोलायचं होतं. एकच आकडा देतो. धोटा चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि तीस नंबरच्या सुताचा एक बाणा, पन्ना एक मीटर तीस धरला तर, सव्वीस मिलिग्रॅम. सव्वीस मिलिग्रॅम पोचवायला चारशे ग्रॅम फेकायचे आणि पलीकडं आपटून थांबवायचे, सेकंदाला तीनदा. धोट्याला धक्का देणारे पिकर आणि स्टिक का फुटतात, याचं उत्तर यात आलं. धोट्याशिवाय बाणा नेणारे रेपियर आणि एअरजेट माग का आले, तेही आलं. पण ज्यांना ते परवडत नाहीत, त्यांनी निदान पिकिंग कॅमचं झिजलेलं नाक पाहावं. नाक झिजलं की धोटा उशिरा निघतो, मग जॉबर स्टिक ओढणारा चामडी पट्टा आवळतो, धक्का वाढतो आणि दुसरंच काहीतरी तुटतं.

वजन आपोआप सरकवणाऱ्या लिव्हरचं रेखाटन मागच्या टेबलावर ठेवलंय. बीमवरच्या सुतावर टेकणारा एक लाकडी रोलर, त्याला जोडलेली लोखंडी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला सरकतं वजन. बीम बारीक होतो तसं वजन टेकूकडं जातं. फोटो काढून घ्या. फक्त त्यावरची मापं माझ्या मागाची आहेत, तुमच्या बीमची तुम्ही मोजा. चिठ्ठी पुन्हा आली. थांबतो.