एगाईची माती
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[आकाशातून: नदी, पीचच्या बागा, मागे डोंगर]

ही उत्तर ग्रीसमधली अलियाकमोन नदी. दक्षिणेला पिएरियाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी उतरत जाणारी ही जमीन. बागांच्या मधोमध कौलारू घरांचं एक छोटं गाव दिसतं, ते व्हर्जिना.

आपल्या शाळेच्या पुस्तकात अलेक्झांडर एकदम झेलमच्या काठावर येऊन उभा राहतो. समोर पोरस, मागे अफाट सैन्य. ते सैन्य ज्या मुलखातून निघालं, तिथली माणसं कशी राहायची, आपल्या मृतांना निरोप कसा द्यायची, देवाला काय वाहायची, हे पुस्तक सांगत नाही. जुने ग्रंथही फारसं सांगत नाहीत, कारण मॅसिडोनियन लोकांनी स्वतःबद्दल लिहिलेलं फार थोडं टिकलं. उरलं ते बहुतेक इतरांनी लिहिलेलं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याचा. इ.स.पू. ३४१ मध्ये त्यानं भर सभेत अलेक्झांडरच्या बापाबद्दल, राजा फिलिपबद्दल सांगितलं, की हा ग्रीक तर नाहीच, पण नाव घ्यावं अशा मुलखातला रानटीही नाही. जिथून धड गुलामसुद्धा विकत मिळत नव्हता, त्या मॅसिडोनियातला आहे.

हे शत्रूचं भाषण होतं, लढाईच्या तोंडावर केलेलं. तरीही मॅसिडोनिया म्हटलं की बराच काळ याच भाषणातलं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं गेलं. ते पुसायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा होता या जमिनीखाली.

[राजवाड्याचे चौथरे, गवतात पडलेले खांबांचे तुकडे]

१८५५ साली लेऑन ह्यूझे नावाचा तरुण फ्रेंच अभ्यासक इथे आला. तेव्हा हा भाग ऑटोमन साम्राज्यात होता. त्याला दगड दिसले, खांब दिसले. १८६१ मध्ये वास्तुविशारद ओनोरे दोमे याला घेऊन तो परत आला आणि खणायला सुरुवात केली. एका मोठ्या इमारतीची एक बाजू उघडी पडली. पण मैदानात मलेरिया होता आणि काम थांबवावं लागलं. आपण एगाईत, मॅसिडोनियाच्या जुन्या राजधानीत उभे आहोत, हे ह्यूझेला कळलं नाही.

[गावातली गल्ली, दारात बसलेल्या आजी]

हे गाव त्या मानानं नवंच. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या युद्धानंतर १९२०च्या दशकात निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी ते वसवलं. घरं बांधायला त्यांना आसपास घडीव दगड तयारच मिळाले.

[कृष्णधवल छायाचित्रं]

१९३८ च्या सुमारास थेस्सलोनिकी विद्यापीठाचे प्राध्यापक कोन्स्तांदिनोस रोमेओस इथे खणत होते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या विद्यार्थ्यांत एक होता मनोलिस आंद्रोनिकोस. जन्म १९१९ चा, तोही तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातला. त्याचंही घरदार लहानपणीच थेस्सलोनिकीला आलेलं. मध्ये महायुद्ध गेलं. १९५२ मध्ये तो पुरातत्त्वज्ञ म्हणून परतला आणि त्यानं आपलं उरलेलं आयुष्य या गावाला दिलं.

त्याला ओढ होती एका टेकाडाची. व्यास ११० मीटर, उंची बारा मीटरांहून अधिक. असलं टेकाड निसर्ग बनवत नाही, माणसं माती वाहून आणून रचतात. पहिले काही प्रयत्न वाया गेले. मग आजूबाजूच्या छोट्या टेकाडांकडे तो वळला. तिथे लोहयुगातली थडगी निघाली. तलवारी, ब्राँझचे दागिने, गोल गोल वळ्यांचे अलंकार ल्यालेल्या बायका.

१९६८ मध्ये इंग्रज इतिहासकार निकोलस हॅमंड यांनी एक मत मांडलं. तोवर एगाई म्हणजे एदेसा हे शहर, असं सगळे धरून चालले होते. हॅमंड म्हणाले, एगाई एदेसाला नाही, ती व्हर्जिनाला आहे. अनेकांना ते पटलं नाही.

[संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात उभ्या केलेल्या समाधीशिळा, कॅमेरा अगदी जवळ]

या शिळांपाशी जरा थांबू. इथे येणारे बहुतेक जण त्यांच्यावरून नजर फिरवतात आणि सोन्याकडे जातात.

१९७६ मध्ये मोठं टेकाड पुन्हा खणायला घेतलं, तेव्हा मातीत सगळीकडे अशा फुटलेल्या शिळांचे तुकडे निघू लागले. साध्या माणसांच्या कबरींवरचे दगड. काहींवर अजून रंग आहे, निळ्याची एक पट्टी, एका चेहऱ्याची तांबूस कड. खाली नाव आणि बापाचं नाव. यातली बहुतेक नावं ग्रीक आहेत. हे दरबारी नव्हेत, इथले साधे रहिवासी, फिलिप आणि अलेक्झांडरच्या काळात आणि त्याही आधी या शहरात जगलेले आणि मेलेले. अथेन्सच्या सभेत ज्यांना रानटीही म्हणायचं नाकारलं गेलं, ते आपल्या मुलाबाळांची नावं काय ठेवत होते, ते इथे दगडावर कोरलेलं आहे. मॅसिडोनियाच्या अभ्यासात माझ्या लेखी या दालनातली सगळ्यांत मोलाची वस्तू हीच.

पण हे दगड फोडले कुणी? आंद्रोनिकोसला प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं लिहिलेली एक हकिकत आठवली. इ.स.पू. २७४ च्या सुमारास शेजारच्या एपिरसचा राजा पिऱ्हस यानं एगाईत गॅलेशियन, म्हणजे गॉल टोळ्यांतले, भाडोत्री सैनिक ठेवले, आणि त्यांनी राजांची थडगी उकरून धन लुटलं, अस्थी इतस्ततः फेकल्या. तर मग हिशेब असा: दफनभूमी लुटली गेली. नंतर आलेल्या राजानं, बहुधा अँटिगोनस गोनाटसनं, फुटके दगड गोळा केले आणि उरलेल्या थडग्यांवर ही प्रचंड माती रचली, जेणेकरून पुन्हा कुणाचा हात पोचू नये. म्हणजे हॅमंड बरोबर होते. आणि खाली काहीतरी शाबूत असण्याची आशा होती.

[खणतानाची जुनी छायाचित्रं, मातीची उंच भिंत, टोपल्या]

१९७७ चा उन्हाळा गेला. टेकाडाच्या मध्यावर जमिनीपर्यंत खणून झालं आणि हाती काही लागलं नाही. शरद ऋतू आला, पैसा आणि दिवस दोन्ही संपत आलेले. शेवटी काम कडेकडे सरकलं आणि तिथे भिंती लागल्या. आधी एका छोट्या देवळासारख्या वास्तूचा पाया. मग एक थडगं, लुटलेलं, आत वस्तू जवळपास नाहीत. पण भिंतीवर हे होतं.

[भित्तिचित्र: हेडीस, रथ, पर्सेफनी]

पाताळाचा देव हेडीस पर्सेफनीला, धान्यदेवीच्या मुलीला, रथात ओढून नेतो आहे. तिचे दोन्ही हात मागे फेकलेले. तिची मैत्रीण घाबरून मागे झुकली आहे. जवळून बघा, रंगाखाली ओल्या गिलाव्यावर टोकदार काडीनं मारलेल्या रेघा दिसतात. चित्रकारानं आधी एक हात आखला, तो मोडून दुसरा आखला आणि मग भराभर रंग भरला. चौथ्या शतकातल्या ग्रीक चित्रकलेबद्दल आपण ग्रंथांत वाचत होतो. इथे तिचा हात प्रत्यक्ष दिसतो.

शेजारी दुसरं थडगं होतं. दर्शनी भागावर शिकारीचं लांबलचक चित्र, निष्पर्ण झाडं, घोडेस्वार, भाले, सिंह. खाली संगमरवरी दार, न उघडलेलं. दार ढकलणं धोक्याचं होतं. म्हणून ८ नोव्हेंबर १९७७ रोजी आंद्रोनिकोसनं थडगेचोरांची जुनी वाट धरली. मागच्या बाजूनं कमानीतला कळीचा दगड काढला, शिडी सोडली आणि आत उतरला.

साडेचार मीटर लांबी-रुंदीची खोली. एका कोपऱ्यात चांदीची भांडी, दुसऱ्या बाजूला ब्राँझ आणि लोखंड, चिलखत, शिरस्त्राण. जमिनीवर कुजलेल्या लाकडाचा चुरा, त्यात हस्तिदंताचे चिमुकले चेहरे. भिंतीला टेकून संगमरवरी पेटी, आणि तिच्या आत ही.

[सोन्याची अस्थिपेटी. काही वेळ निवेदन नाही]

झाकणावर सोळा किरणांचा तारा. आत जाळून मग धुतलेल्या अस्थी, आणि त्यांच्यासोबत ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट. ३१३ पानं आणि ६८ ओकफळं. पानाची शीरनशीर कोरलेली आहे.

पुढच्या छोट्या खोलीत दुसरी पेटी. तिच्यात एका तरुण स्त्रीच्या अस्थी, जांभळ्या आणि सोनेरी धाग्यांच्या कापडात गुंडाळलेल्या. ते कापड संवर्धकांनी धागा धागा सोडवून पुन्हा मांडलं आहे. त्याच खोलीत बाणांच्या भात्याचं सोन्याचं आवरण आणि पोटऱ्यांवरचं हे कवच, डावं आणि उजवं आकारानं सारखं नाही.

[हस्तिदंती चेहरा, हळूहळू जवळ]

इथून खरं संशोधन सुरू झालं. आंद्रोनिकोस म्हणाला, हा फिलिप दुसरा, अलेक्झांडरचा बाप. इ.स.पू. ३५४ मध्ये मेथोनीच्या वेढ्यात बाण लागून त्याचा उजवा डोळा गेला होता. १९८०च्या दशकात मँचेस्टरच्या गटानं, रिचर्ड नीव्ह, जॉन प्राग आणि जोनाथन मस्ग्रेव्ह यांनी, कवटीच्या तुकड्यांवरून चेहरा उभा केला आणि डोळ्याच्या खोबणीत जखम दाखवली.

विरोधही तितकाच अभ्यासू होता. थडग्यात मिठाच्या काही छोट्या काळ्या वाट्या मिळाल्या होत्या. तशाच वाट्या अथेन्सच्या उत्खननात फिलिपच्या मृत्यूनंतरच्या थरांत सापडतात, असं सुझन रोट्रॉफ यांनी दाखवलं. काहींनी कमानीवर बोट ठेवलं: अशी कमान मॅसिडोनियन लोक अलेक्झांडरबरोबर पूर्वेला जाऊन आल्यावर शिकले असणार. मग हे थडगं फिलिपचा मुलगा, अलेक्झांडरचा सावत्र भाऊ अरिडेयस याचं. त्याला इ.स.पू. ३१७ मध्ये मारलं आणि पुढे त्याची बायको युरिडिकी हिच्यासह एगाईत राजाच्या मानानं पुरलं. २००० साली अँटोनिस बार्त्सिओकास यांनी हाडांवर डोळ्याची जखम दिसत नाही असं लिहिलं, मस्ग्रेव्हनी ते खोडलं. २०१५ मध्ये बार्त्सिओकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या, लुटलेल्या थडग्यातला ताठरलेला गुडघा पुढे केला: फिलिप लंगडत होता, तेव्हा तो तिथे. २०२५ मध्ये कार्बन पद्धतीनं त्या हाडांचा काळ काढला गेला आणि तो माणूस फिलिपच्या आधी मेलेला, फिलिपपेक्षा तरुण असल्याचं मांडलं गेलं.

एका राजाच्या नावावर जवळपास अर्ध्या शतकाचा हा वाद. पण त्याच वादामुळे मॅसिडोनियन कमान, भांडी, दहनविधी, धातुकाम यांचा बारकाईनं अभ्यास झाला. कमानीचा आक्षेप तर एगाईनंच बोथट केला. १९८७ मध्ये आंद्रोनिकोसला आणखी एक थडगं मिळालं, आत संगमरवरी सिंहासन, वर कमान, आणि तिथल्या भांड्यांचे तुकडे इ.स.पू. ३४० च्या आसपासचे. ते फिलिपच्या आईचं असावं असं मानतात. तिचंही नाव युरिडिकी.

[कोरीव अक्षरांचा पाया]

तिची अक्षरं ही. १९८२ मध्ये युक्लिया देवीच्या स्थानात सापडली. युरिडिकी, सिर्राची मुलगी, देवी युक्लियाला. एवढंच. राणीनं देवीला काही वाहिलं आणि त्यावर आपल्या नावापुढे बापाचं नाव घातलं, नवऱ्याचं नाही.

[पेलाचं संग्रहालय, शिशाचा पातळ पत्रा]

आणि हा मॅसिडोनियाच्या नंतरच्या राजधानीतला, पेलामधला पत्रा, १९८६ मध्ये एका कबरीत गुंडाळी करून ठेवलेला सापडला. चौथ्या शतकातली एक बाई त्यावर ग्रीकच्या वायव्येकडच्या बोलीत शाप लिहिते. डायोनिसोफोननं थेटिमाशी लग्न करू नये, आणखी कुणाही बाईशी करू नये, विधवेशी नाही, कुमारिकेशी नाही. मी स्वतः हे उकरून, उलगडून पुन्हा वाचेन, तेव्हाच त्याचं लग्न होवो. मॅसिडोनियन लोक कोणती भाषा बोलत, यावर विद्वानांची किती पानं खर्ची पडली असतील. घरातल्या भांडणात माणूस घरचीच भाषा वापरतो, म्हणून या पत्र्याला एवढं वजन आहे.

[राजवाडा: नव्यानं उभे केलेले खांब, फरशीवरचं नक्षीकाम]

ह्यूझेनं अर्धवट सोडलेली इमारत ही. फिलिपचा राजवाडा. सुमारे साडेबारा हजार चौरस मीटर. सोळा वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. मधला चौक, भोवतीचे खांब आणि मेजवानीची दालनं आता ओळखू येतात.

खालच्या उतारावर नाट्यगृह. इ.स.पू. ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसमारंभात इथेच फिलिपला त्याच्याच अंगरक्षकानं, पॉसानियासनं भोसकलं आणि वीस वर्षांचा अलेक्झांडर राजा झाला. पुढची मोहीम सगळ्यांना ठाऊक आहे. इ.स.पू. १६८ नंतर राज्य रोमच्या ताब्यात गेलं. आणि युगोस्लाव्हिया फुटल्यावर मॅसिडोनिया या नावावरून आणि पेटीवरच्या त्या ताऱ्यावरून ग्रीस आणि आजचा उत्तर मॅसिडोनिया या दोन देशांत जो तंटा उभा राहिला, त्यावर २०१८ चा करार होईपर्यंत पाव शतक गेलं.

[छोट्या टेकाडांचं मैदान]

आंद्रोनिकोस १९९२ मध्ये गेला. थडग्यांवर टेकाडाच्याच आकाराचं छप्पर बांधून आत संग्रहालय उभं राहिलं, १९९६ मध्ये एगाई जागतिक वारशाच्या यादीत आलं. या मैदानात तीनशेहून अधिक छोटी टेकाडं आहेत, त्यांतली काही इ.स.पू. अकराव्या शतकाइतकी जुनी. बरीच अजून खणायची आहेत, आणि थेस्सलोनिकी विद्यापीठाची मुलं आजही इथे खणायला येतात.