सेकंदाला बारा चित्रं

(काळा पडदा. कीबोर्डचा खडखडाट.)

'सीडी प्रिन्स', एंटर. 'प्रिन्स', पुन्हा एंटर. 1996 साली कराडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत गेलेलं प्रत्येक पोर एवढं शिकायचंच, मग बाकी काही येवो न येवो.

ताईची बॅच संध्याकाळी सहाची. शेवटची दहा मिनिटं सर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम लावू द्यायचे आणि मी तिच्या मागे स्टुलावर बसून बघायचो. राजकन्येला सोडवायला 60 मिनिटं मिळायची, आम्हाला रोजची दहा. म्हणून कंट्रोल-जी दाबून डाव साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोल-एल दाबून त्या लेव्हलपासून पुढे. असं करत करत ताई बाराव्या लेव्हलला पोचली. तिथे तिची स्वतःचीच सावली तलवार घेऊन उभी होती. ताई वार करायची आणि जीव तिचाच कमी व्हायचा. तेवढ्यात कोर्स संपला.

(पडद्यावर: आजचा लॅपटॉप. जुन्या फोल्डरमधली प्रिन्स डॉट ईएक्सई ही फाइल.)

गेल्या महिन्यात मी ती फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडायला गेलो. विंडोजने नकार दिला. त्यामागचं कारण साधं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची डॉस आवृत्ती, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीवरची, 1990ची आणि 16 बिटची, जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली. आजचे प्रोसेसर 64 बिटच्या पद्धतीत चालतात, तेव्हा अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी असलेली सोय त्यांच्यात बंद असते. फाइल धडधाकट आहे, पण तिची भाषा समजणारं कुणी घरात उरलेलं नाही.

यावर पहिला उपाय डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम, जो 2002पासून मोफत मिळतो. तो त्या काळचं आख्खं यंत्र आजच्या यंत्राच्या पोटात उभं करतो. जुना प्रोसेसर, चित्रं दाखवणारं व्हीजीए कार्ड, आवाज काढणारं साउंड ब्लास्टर, आणि कॅबिनेटच्या आतला तो किणकिणणारा स्पीकरसुद्धा. फोल्डर 'माउंट' करायचं, म्हणजे डॉसबॉक्सला ते ड्राइव्ह म्हणून दाखवायचं, ड्राइव्ह बदलायचा आणि नाव टाइप करायचं. मिनिटाभरात दार उघडलं आणि राजपुत्र तळघरात पडला.

पण तो बुटका दिसत होता.

याचं उत्तर मॉनिटरमध्ये आहे. मूळ चित्र आडवे 320 आणि उभे 200 ठिपके. जुन्या 4:3च्या मॉनिटरवर ते पडदाभर ताणलं जायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच. आजच्या पडद्यावर ठिपके चौकोनी, म्हणून माणूस चेपला जातो. सेटिंगच्या फाइलमध्ये 'आस्पेक्ट' पुढे 'ट्रू' लिहिलं आणि तो पुन्हा सडपातळ झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण या राजपुत्राची अंगकाठी खऱ्या माणसाची आहे.

(पडद्यावर: धावणाऱ्या मुलाची रेखाचित्रं, एकामागून एक.)

1985 साली हा खेळ रचणाऱ्या जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, कठड्याला लटकायला लावलं आणि व्हीएचएस कॅमेऱ्यावर टिपलं. मग एकेक चित्र गिरवून ते ॲपल टू या संगणकात उतरवलं. खेळाचं संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. 1989 साली ब्रॉडरबंड कंपनीने तो बाजारात आणला. मेमरी इतकी तोकडी होती की राजपुत्राला शत्रू हवा, तर त्याचं नवं चित्र ठेवायला जागाच नव्हती. मेकनरने राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून त्याच चित्राशी 'एक्सॉर' केलं, म्हणजे दोन्हींत जिथे फरक तेवढेच ठिपके ठेवले, आणि झिलमिलती सावली जन्माला आली. ताईला अडवणारी ती हीच.

या मूळ ॲपल टू आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे मेकनरने हाताने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, कित्येक वर्षं हरवलेला होता. 2012 साली वडिलांना घरातल्या कपाटात साडेतीन इंची फ्लॉपींचा एक खोका सापडला. वीस वर्षांहून जुन्या फ्लॉपी, चुंबकीय थर कधी दगा देईल याचा नेम नाही. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांनी जपून त्या वाचल्या आणि मेकनरने कोड सर्वांसाठी खुला केला. मात्र हा कोड ॲपल टूमधल्या 6502 प्रोसेसरचा. आपण क्लासमध्ये खेळलो त्या डॉस आवृत्तीला त्याचा थेट उपयोग नव्हता.

डॉस आवृत्तीसाठी लोकांनी वेगळी वाट धरली, आणि मला त्यांच्या चिकाटीचं खरोखर कौतुक वाटतं. त्यांनी ईएक्सई फाइलच उलटी वाचली. यंत्राची एकेक आज्ञा उलगडत ती सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून काढली, आणि आज ती एसडीएलपॉप या नावाने खुली आहे. तिचा कोड उघडून बघा. फाइलींची नावं 'सेग झीरो झीरो झीरो' अशी. जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर एक टीप: मूळ फाइलमध्ये ही आज्ञा नेमकी कुठल्या पत्त्यावर होती. जुन्या वाड्याचा दगड न् दगड आकडे घालून उतरवावा आणि नव्या जागी त्याच क्रमाने चढवावा, तसं हे काम आहे. मूळच्या चुकासुद्धा त्यांनी पुसल्या नाहीत. दुरुस्त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, हव्या तर एकेक चालू करायच्या.

आणि वेग? तो कोडात स्वच्छ लिहिलेला आहे. सेकंदाचे 60 ठोके. दर पाच ठोक्यांनी पुढचं चित्र, म्हणजे सेकंदाला 12. तलवार उपसली की सहा ठोक्यांनी, म्हणजे 10. आपल्या बोटांना लहानपणी जे कळलं होतं ते हेच. आजचं यंत्र याहून कितीतरी पट चपळ आहे, पण सेकंदाला 60 चित्रांनी धावणारा राजपुत्र आपल्या ओळखीचा नसता. दातेरी पात्यांमधून कधी निसटायचं, सुटी फरशी पडायच्या आत कधी उडी घ्यायची, सगळा अंदाज त्या बाराच्या लयीवर बेतलेला आहे.

(पडद्यावर: कीबोर्डवर ताईचे हात.)

दिवाळीत ताई माहेरी आली तेव्हा मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. पहिल्या लेव्हलनंतर बाटल्यांची खोली आली. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्या. नक्कल करणाऱ्यांना अडवायची ही युक्ती. क्लासमध्ये पुस्तिका कुणी पाहिलेलीच नव्हती. ताई म्हणाली, "अरे, उत्तरं माझ्या वहीच्या मागच्या पानावर होती. आईनं रद्दीत घातली असेल."

दोन संध्याकाळी ती खेळली. फरशीच्या काठाशी आली की करंगळी आपोआप शिफ्टवर जायची, जपून एक पाऊल टाकायला. मी काहीच सांगितलं नाही.

बाराव्या लेव्हलला सावली समोर आली. ताईने दोन वार केले आणि स्वतःच्या जिवाचे दोन त्रिकोण गमावले. मग ती थांबली. बराच वेळ पडद्याकडे बघत बसली, आणि खाली जाणारा बाण दाबला. तलवार म्यानात गेली. सावलीनेही तिची तलवार ठेवली.

"चल," ताई म्हणाली, आणि सरळ तिच्या अंगावर धावत गेली.

(पडदा लखलखतो. पुढे जमीन नाही, तरी राजपुत्र धावतोय, आणि त्याच्या पायाखाली एकेक फरशी उगवतेय.)