वावर, रुमाल आणि आठ हालचाली

बीएस्सीला मला गणितातल्या ‘ग्रुप’ची व्याख्या अशी पाठ होती, की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवली असती. क्लोजर, असोसिएटिव्हिटी, आयडेंटिटी, इन्व्हर्स. मार्कही मिळाले. पण ‘एक ग्रुप हातात घेऊन दाखव’ असं कोणी म्हटलं असतं, तर मी खाली मान घातली असती. म्हणून आज आपण व्याख्येपासून सुरुवात करायची नाही, वावरापासून करायची.

चौफुलीवर टोबलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तीन बाय तीन फूट. उभं डवरा, आडवं डवरा, अंतर तेच. आता त्यातलं एक झाड मनात धरा आणि बांध विसरा, सातबाऱ्यावरचं क्षेत्रही विसरा. वावर चहूकडे पसरलेलंच आहे असं समजा. त्या झाडाभोवती सगळं वावर काटकोनात फिरवलं, तर काही बदललं हे ओळखू येईल का? नाही. उलटंपालटं केलं तरी नाही. अशा हालचाली किती? चार फिरवण्याच्या, त्यात ‘काहीच न करणं’ हीसुद्धा एक. आणि चार पलटण्याच्या. एकूण आठ. या आठ हालचाली म्हणजेच आपला ग्रुप. पऱ्हाटी नव्हे, हालचाली. बीजगणित इथं वस्तूंवरून क्रियेवर आलं, आणि विद्यार्थी अडखळतो तो नेमका इथंच.

वावर काही फिरवता येत नाही, म्हणून मी हा चौकोनी रुमाल आणला आहे. डावीकडच्या वरच्या कोपऱ्याला लाल दोरा, तिथून घड्याळाच्या दिशेनं पिवळा, हिरवा, काळा. आधी उजवीकडे पाव फेरा देतो, मग डावं-उजवं पलटतो. लाल पुन्हा वर डावीकडेच आला. आता तेच उलट क्रमानं: आधी पलटतो, मग पाव फेरा. पाहा, लालच्या जागी हिरवा! दोन गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन सारखेच, या भरवशावर आपण दहावीपर्यंत आलो. तो भरवसा रुमालानं मोडला. आणि तरीही कोणत्याही दोन हालचाली लागोपाठ केल्या, तर उत्तर आठांपैकीच एक येतं, आणि केलेली हालचाल परतही फिरवता येते. व्याख्येतल्या अटी म्हणजे एवढंच. असोसिएटिव्हिटी, म्हणजे तीन हालचालींत आधी कोणत्या दोन जोडून घेतल्या यानं उत्तर न बदलणं, मात्र हाताला जाणवत नाही, कारण हालचाली एकामागून एक करताना ती आपोआप पाळली जाते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या आठांत फक्त चार फेरे घेतले, तर तो आपल्यापुरता पूर्ण ग्रुप आहे. मग तीन हालचालींचा असा छोटा ग्रुप का नसतो? बाजारात वांग्याचे वाटे घालतात ना, तसं करा. चार फेरे हा पहिला वाटा. बाहेर राहिलेली एक पलटी घ्या आणि चारही फेऱ्यांनंतर ती करा. दुसरा वाटा तयार. त्यात दोन हालचाली एकच निघाल्या, तर पलटी परत फिरवल्यावर मूळचे दोन फेरेही एकच निघतील, आणि ते तर वेगळे आहेत. म्हणून वाटे सारखेच पडतात. आठाचे तीन-तीनचे वाटे कसे पडणार? हेच लाग्रांजचं प्रमेय: छोट्या ग्रुपमधल्या हालचालींच्या संख्येनं मोठ्याच्या संख्येला पूर्ण भाग जातो. उलट बाजूनं, म्हणजे भाग जातो म्हणून तेवढा छोटा ग्रुप असेलच, असं मात्र चालत नाही: बारा घटकांचा एक ग्रुप असा आहे, की त्यात सहांचा छोटा ग्रुपच नाही.

हे काही कोणी रिकामपणी मांडलं नाही. घन आणि चतुर्घात समीकरणं सोडवण्याच्या रीती कार्दानोच्या 1545 च्या ग्रंथात छापून आल्या. पंचघाताची तशी, म्हणजे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ-घनमूळ अशी मुळं काढणं एवढ्यावरच चालणारी, सर्वसाधारण रीत मिळेना, आणि 1824 मध्ये आबेलनं ती असूच शकत नाही हे दाखवलं. मग अशा रीतीनं कोणतं समीकरण सुटेल? गाल्वा या फ्रेंच गणितीनं समीकरणाच्या उत्तरांच्या आपसातल्या अदलाबदलीचा ग्रुप पाहिला आणि त्यावरून ठरवलं. 1832 मध्ये द्वंद्वात गोळी लागून तो गेला, वय वीस. त्याचे कागद 1846 मध्ये छापले गेले.

घरी जाताना एक काम. पऱ्हाटी चार बाय दीड फुटांवर लावली, तर झाडाभोवतीच्या हालचाली चारच उरतात: काहीच न करणं, अर्धा फेरा आणि दोन पलट्या. रुमालाचे फेरेही चारच. मग दोन्ही ग्रुप एकच आहेत का? प्रत्येक हालचाल दोनदा करून बघा. चार बाय दीडमध्ये सगळं जागेवर येतं. रुमालाला पाव फेरा दोनदा दिला, की लाल दोरा समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो.