तपास अर्धा, अधिकारी बदलीवर

नमस्कार श्रोतेहो. गुन्ह्याचा तपास निम्म्यावर असताना तपासी अंमलदाराची बदली झाली तर काय होतं? केस डायरी म्हणजे तपासाची रोजची नोंद, जबाब, पंचनामे, सगळं नव्या अधिकाऱ्याच्या टेबलावर येतं. पण कोणता साक्षीदार बिचकत होता, पंच कोणाच्या ओळखीतला आहे, हे त्या कागदांत नसतं. त्यातच रोजचा बंदोबस्त. आरोपी कोठडीत असेल, तर गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावं लागतं. नाही झालं, तर जामीन हा त्याचा हक्क ठरतो. अधिकारी बदलला म्हणून ही मुदत वाढत नाही.

बदलीच्या धाकाने तपास वाकवला जाऊ नये, ही मागणी जुनीच. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल दिले, मुख्य शिफारशी मात्र पडून राहिल्या. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल आला २२ सप्टेंबर २००६ रोजी. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण, असे आदेश त्यात आहेत.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियम दुरुस्त केला. शिपाई, हवालदार अशा अंमलदारांना एका ठिकाणी पाच वर्षं. उपनिरीक्षक ते निरीक्षकांना ठाण्यात दोन, जिल्ह्यात चार, काही जिल्ह्यांच्या मिळून परिक्षेत्रात आठ. नियम चांगला आहे. पळवाट त्याच कलमात आहे. जनहित आणि प्रशासकीय निकड म्हणून अपवादात्मक परिस्थितीत मुदतपूर्व बदली करता येते, आणि गंभीर तक्रार किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकाऱ्याला मंडळाची शिफारसही लागत नाही. असे आदेश मग ‘मॅट’मध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, आव्हानाला जातात. तिथे पहिला प्रश्न असतो तो कारणांचा: अपवाद नेमका कोणता, आणि तो फाइलवर आधी लिहिला होता की आदेशानंतर? नुसतं ‘जनहित’ लिहून भागू नये, असं आमचं ठाम मत आहे. कारण अधिकारी दाद मागू शकतो, फिर्यादीला ती सोय नाही.

तक्रार प्राधिकरणाची तरतूद मात्र सामान्य माणसाच्या थेट कामाची आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, घर किंवा जमीन बळकावणं, हे विषय तिथे नेता येतात. तक्रारीत तारीख, वेळ, ठाणं आणि वैद्यकीय तपासणीचे कागद द्या. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे ते १८ महिने, निदान एक वर्ष तरी, ठेवायचं असतं. पण यंत्रणा बंद होती, चित्रण पुसलं गेलं, ही उत्तरं उशिरा मागणाऱ्याला मिळतात. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.