ताबोच्या अंधारात

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जाताना कोणता कॅमेरा घ्यावा, असं मला नेहमी विचारतात. तुमच्याकडे असेल तो घ्या. जादा बॅटऱ्या मात्र न्या आणि त्या अंगातल्या कपड्यांच्या खिशात ठेवा, थंडीत त्या बघता बघता उतरतात. बर्फात एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेड, एक-दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), नाहीतर पांढराशुभ्र बर्फ राखेसारखा दिसतो. तंत्राचं एवढं पुरे. मला खरं तर स्पितीतल्या ताबो गावाबद्दल बोलायचंय.

ताबोचा गोन्पा, म्हणजे बौद्ध मठ, इ.स. 996 मधला. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो बांधवला. बाहेरून बघाल तर मातीच्या बसक्या, जवळजवळ खिडक्याच नसलेल्या इमारती. 1975 च्या किन्नौर भूकंपाचे हादरे सोसूनही जुनी मंदिरं उभी आहेत. आत फोटो काढायला बंदी आहे. पहिल्या वेळी मी दारातच हिरमुसलो. एवढा घाटरस्ता तुडवून आलो तो कशासाठी, असं झालं.

कॅमेरा ठेवला आणि आत गेलो. पहिली काही मिनिटं काहीच दिसेना. फक्त तुपाच्या दिव्यांचा वास. मग छताच्या झरोक्यातून उतरणाऱ्या उजेडात भिंतीवर एक हात उमटला, मग खांदा, मग मिटत आलेले डोळे. मातीच्या त्या मूर्ती भिंतीच्या मधल्या उंचीवर बसवल्यात, त्यामुळे अधांतरी तरंगताहेत असंच वाटतं. त्यांच्या खाली आणि वर चित्रंच चित्रं.

ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. मी मराठवाड्यातला, अजिंठ्याच्या लेण्यांत शाळेच्या सहलीपासून जात आलोय. पण तिथे चित्रांमागे डोंगराचा कातळ आहे. इथे भिंत मातीची, छपरावरही माती. स्पिती पर्जन्यछायेत आहे म्हणून हे टिकलं. जोराचा पाऊस झाला की छत झिरपतं आणि चित्रांवरून चिखलाचे ओघळ उतरतात. असा एक ओघळ मी एका चेहऱ्याजवळ येऊन थांबलेला पाहिला. पोटात तुटलं. मग बंदीबद्दलची माझी तक्रार तिथेच संपली.

कॅमेऱ्याशिवाय तासभर बसल्यामुळे माझी सवय बदलली. आधी बघायचं, मग बोलायचं, कॅमेरा नंतर. दुसऱ्या दिवशी एका शेतात आजी मटार तोडत होत्या. "जुले" म्हटलं, म्हणजे तिथला नमस्कार, बांधावर बसलो, ओंजळभर शेंगा खाल्ल्या. मी काही विचारण्याआधीच त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि हाताने खूण केली, काढ. त्यांच्या नखांत माती होती आणि दुपारचं ऊन कडक होतं. छायाचित्रकाराला नकोसं वाटणारं ऊन. तरी फोटो काढला.

पुढच्या वर्षी त्याची मोठी प्रत घेऊन गेलो. आजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत देवघरात नेऊन दलाई लामांच्या फोटोच्या खालच्या फळीवर ठेवली.