आधी काच

(दृश्य: सकाळ. मांगराचं दार उघडतं. आत जांभ्याची भिंत, त्यापुढे पंख नसलेलं छोटं विमान.)

मालवणपासून थोडं आत, आमच्या घरामागच्या या मांगरात पूर्वी भाताच्या गोणी असायच्या. आता इथे दोन माणसांचं विमान उभं आहे. त्याचे पंख अजून जोडलेले नाहीत, जुन्या लुगड्यांत गुंडाळून भिंतीला टेकवलेत. डीजीसीए, म्हणजे विमानांना मान्यता देणारं सरकारी खातं, त्याच्या परवानगीशिवाय ते हवेत जाणार नाही आणि त्या कागदांना वेळ आहे. माझे काका बोटीवर इंजिनिअर होते. दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी एक कात्रण चिकटवलंय. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, ती बातमी. कात्रण पिवळं पडलंय, पण काकांनी काढलेलं नाही.

आज काका हीटरचे पंखे बसवतायत.

कोकणात हीटर कशाला? गावात प्रत्येकाने विचारलं, मीही विचारलं. काका काही बोलले नाहीत. फ्रीजमधली स्टीलची बाटली आणून त्यांनी बाकावर ठेवली. दोन मिनिटांत बाटलीला घाम फुटला.

"ही तुझी काच गो," काका म्हणाले. "आधी काचेतसून दिसाक व्हया. ऊब मगे बघू."

दर हजार फुटांना हवा साधारण 2 अंशांनी गार होते. किनाऱ्यावर 30 अंश असतील, तर 8000 फुटांवर 15 च्या आसपास. तिथे गार झालेली काच घेऊन विमान ऑक्टोबरच्या दमट हवेत उतरू लागलं, की काच आतून-बाहेरून धुरकटते, आणि तीही नेमकी धावपट्टी शोधायच्या वेळी. आतून गरम वारा लागला, तर काच तापते आणि दोन्ही बाजू मोकळ्या होतात. म्हणून हा सगळा खटाटोप.

(दृश्य: इंजिनाजवळून कॅमेरा केबिनकडे. दोन रबरी नळ्या फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून, आत जाताना.)

बऱ्याच छोट्या विमानांत एक्झॉस्टच्या नळीभोवती पत्र्याचा डबा असतो आणि त्यात तापलेली हवा केबिनमध्ये घेतात. पद्धत साधी आहे, पण नळीला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि पायलटला वाटतं आपण दमलोय. काकांचं इंजिन रोटॅक्स 912 आहे. त्याच्या सिलिंडर हेडमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरतं, म्हणून त्यांनी गाडीतल्यासारखा हीटर कोअर घेतला, म्हणजे छोटा रेडिएटरच. नळ्यांवरचा कॉक मात्र इंजिनाच्या बाजूला ठेवलाय. केबिनमध्ये गळती झालीच, तर कॉक बंद करून इंजिनाचं कूलंट वाचवता येतं. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर पॅनेलवर आहेच, तो काका काढणार नाहीत.

आता पंखे. 12 व्होल्टचे, 120 मिलिमीटरचे, कॉम्प्युटरमध्ये असतात तसले दोन.

पहिल्यांदा काकांनी ते कोअरला चिकटवून शेजारी-शेजारी बसवले. आवाज भरपूर, वारा जेमतेम. मग त्यांनी देवघरातली उदबत्ती आणली.

(दृश्य: अगदी जवळून. उदबत्तीचा धूर कोअरच्या जाळीसमोर.)

धूर बघा. पंख्याच्या पात्यांसमोर तो झपकन पुढे ढकलला जातो, पण मधल्या बुंध्यासमोर तसाच तरंगतो. म्हणजे कोअरचा तेवढा भाग फुकट. काकांनी पत्रा वाकवून मधे इंचभर पोकळी ठेवली, तेव्हा हवा पसरली आणि धूर सगळ्या जाळीसमोरून सारखा उडू लागला.

मग त्यांनी एक पंखा मुद्दाम बंद केला. धूर बंद पंख्यातून उलटा बाहेर आला! चालू पंख्याने ढकललेली हवा जाळीतून पुढे जाण्याऐवजी शेजारच्या सोप्या वाटेने परतत होती. मी ते तीनदा शूट केलं, कारण डोळ्यांनी दिसेपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता. मधे पत्र्याची उभी भिंत घातल्यावर ते थांबलं. आता डावा पंखा पायांसाठी, उजवा काचेसाठी. दोघांना वेगळा स्विच, वेगळा फ्यूज. फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरसाठी असतो, हे काकांनी मला त्या दिवशी दोनदा सांगितलं.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची. खाऱ्या वाऱ्यात साधं तांबं हिरवं पडतं, हे बोटीवरच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र काकांच्याही लक्षात आली नव्हती. पंखा पॅनेलखाली धरला आणि होकायंत्राची सुई सरकली, तीही पंखा बंद असताना. असल्या पंख्याच्या फिरत्या भागात कायमचं चुंबक असतं. काका बराच वेळ त्या सुईकडे बघत राहिले. नंतर सगळा डबा काढून हातभर खाली नेला आणि त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून घेतल्या, म्हणजे त्यांची चुंबकी ओढ एकमेकींना मारते. रिव्हेट पुन्हा मारण्यात दोन दिवस गेले.

(दृश्य: संध्याकाळ. न्हाणीच्या चुलीवर हंडा.)

इंजिन अजून चालू करायचं नाही. म्हणून हंड्यातलं कढत पाणी छोट्या पंपाने कोअरमधून फिरवलं. केबिनमध्ये वाफाळतं पातेलं ठेवून दार लावलं. काच पांढरी झाली, समोरचा फणस दिसेना.

काकांनी उजवा स्विच दाबला.

काचेच्या तळाशी बोटभर पट्टी उजळली. ती हळूहळू वर चढत गेली. फणसाचा बुंधा दिसला, मग फांदी, मग मागचं कौलारू छप्पर. डावा वरचा कोपरा तेवढा धुरकटच राहिला.

काकांनी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली आणि गरम हवेच्या तोंडावर, ते जिथे थोडं वाकवायचं आहे तिथे, एक रेघ ओढली.