निकालाच्या आधी दाखला वाचून घ्या

नमस्कार मंडळी. घराघरांत आता काय चाललंय ते मला इथे माइकसमोर बसूनसुद्धा दिसतंय. पोरांच्या परीक्षा संपत आल्यात, दप्तर कोपऱ्यात गेलंय, मामाच्या गावाला कधी जायचं म्हणून रोज भुणभुण चाललीय, आणि आयांचं एकीकडे कुरडया-पापड आणि दुसरीकडे निकाल कधी, पुस्तकं कधी, पुढची शाळा कुठली. तर आज पहिली ते पाचवीतली पोरं ज्यांच्या घरात आहेत त्यांच्यासाठी बोलायचंय. मी 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, सगळी सातारा जिल्ह्यात, आणि त्यातली शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका म्हणून रजिस्टरं सांभाळली, म्हणून हे सगळं मनापासून सांगतेय.

आधी निकालाचं. आपल्याकडे निकाल म्हणजे 1 मे. सकाळी झेंडावंदन, मग वर्गात बसून प्रगतीपत्रक. त्या दिवशी पोराबरोबर कुणीतरी मोठं माणूस शाळेत जायलाच पाहिजे. आई जा, बाप जा, आजोबा जा, पण जा. गुण बघायला नाही सांगत मी, वर्गशिक्षकाशी दोन मिनिटं बोलायला सांगतेय. पोरगं वाचताना कुठं अडतं, हातच्याची वजाबाकी जमते का, एवढं विचारून या. आणि एक विनंती, ते प्रगतीपत्रक स्टेटसला टाकू नका. मला हे अजिबात पटत नाही. सात-आठ वर्षांचं लेकरू, त्याच्या शेजारच्याला जास्त आणि ह्याला कमी, आणि सगळं गाव अंगठा दाखवतंय. ते पोराचं आणि घराचं आपसातलं आहे, राहू द्या घरात.

पाचवीवाल्यांनी जरा कान देऊन ऐका. पाचवीला आता नुसतं बसलं म्हणजे पुढे गेलं असं राहिलेलं नाही. 2023 मध्ये राज्याने नियम बदलला, पाचवी आणि आठवी ह्या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर लगेच वर्ष जात नाही, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी पुन्हा परीक्षा असते, मधल्या काळात शाळेने मदत करायची असते, आणि तिथेही नाही जमलं तर मात्र पोरगं पाचवीतच राहतं. पुन्हा सांगते, पाचवी आणि आठवी. पहिली ते चौथीला हे लागू नाही, उगाच पोरांना भ्या दाखवू नका.

पहिलीत घालायचं असेल तर 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पुरी होत असली पाहिजेत. ह्याच्यात घाई करणारे फार भेटतात, "बाई, हुशार आहे हो, घ्या की". हुशार असू दे, सहा महिने अंगणात खेळू दे, काही बिघडत नाही. एप्रिलमध्ये गावोगाव शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, पहिले पाऊल म्हणतात त्याला, तिथे लेकराला घेऊन नक्की जा, रंग ओळखणं, उड्या मारणं, गोष्ट सांगणं असली टेबलं मांडलेली असतात आणि आयांना घरी पोरांशी काय काय खेळायचं त्याची कार्डंपण देतात. उन्हाळ्यात तेवढं पुरे. ते उन्हाळी क्लास, हस्ताक्षराचं शिबिर, अबॅकस, हे सगळं मला तरी नकोसंच वाटतं, वर्षभर पोरगं साडेपाच-सहा तास बसूनच असतं की, मग मे महिन्यात परत बसवायचं कशाला? आमच्या शाळेतल्या एका पोरीला मे महिन्यात मावशीने बाजारात भाजीच्या पाटीजवळ बसवलं होतं, जूनमध्ये आली ती पावकी-निमकीसकट हिशेब घेऊनच आली. असो.

पुस्तकांची काळजी करू नका, सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीची पुस्तकं फुकट मिळतात, बालभारतीची, शाळा उघडते त्या दिवशी हातात. मधे दोन वर्षं पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, ती आता काढलीयत, तेव्हा वह्या वेगळ्या घ्याव्या लागणार. आणि दप्तर, पोराच्या वजनाचा दहावा भाग, त्याच्या वर नको. वीस किलोचं पोर असेल तर दोन किलो, डबा-बाटली धरून. घरातल्या वजनकाट्यावर एकदा ठेवून बघा, डोळे उघडतात. पाच वर्षं पूर्ण झालेल्या पोराचं आधार अपडेट करायचं असतं, बोटांचे ठसे घ्यायचे असतात, पाच ते सात वर्षांत केलं तर पैसे पडत नाहीत, सुट्टीतच उरकून टाका. शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभराने वगैरे, तर गावाची तिकिटं त्या हिशेबाने काढा.

आता दाखला. खरं तर आज मला हेच सांगायचं होतं. ज्यांची पोरं चौथी होऊन दुसऱ्या शाळेत चाललीत, किंवा बदली झालीय, किंवा गाव सोडताय, त्यांना शाळा सोडल्याचा दाखला लागणार. तो हातात घेतला की घडी घालून पिशवीत टाकू नका. तिथेच उभं राहून वाचा. नुसता बघू नका, वाचा. मोठ्याने वाचा.

का म्हणते, ऐका.

2018 ची गोष्ट, एप्रिलची अखेर. आमची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि पुढे कडुलिंब. चौथीची सात पोरं बाहेर पडणार होती, पाचवीला चार किलोमीटरवरच्या हायस्कूलला जाणार. मी सातही दाखले लिहून, सह्या-शिक्के करून टेबलावर ठेवले होते. दुपारची वेळ, ऊन असं की मैदानात कुत्रं दिसेना, आणि एक आजी आल्या. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात पोराचं आधार. पोराचे आईबाप मुंबईकडे, बाप माथाडीत, पोरगं आजीजवळच वाढलेलं. मी म्हटलं, बसा आजी, पाणी घ्या, इथे अंगठा करा आणि न्या दाखला. आजी बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, आदुगर वाचा."

मी म्हटलं सगळं बरोबर आहे आजी. म्हणाल्या, "आसंल. पर वाचा. मला वाचाया येत न्हाय, म्हून तर तुमाला म्हंती."

बाहेर अजून चार पालक उभे, पण मी वाचायला घेतलं. रजिस्टर नंबर, पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. प्रत्येक नावाला मान हलवायच्या. आईचं नाव वाचलं, म्हणाल्या परत वाचा. परत वाचलं. जात वाचली, गाव, तालुका, जिल्हा वाचला. जन्मतारीख आली, अंकात, सहा-सात-दोन हजार आठ. मान हलवली. मग खाली अक्षरात, मी आपली वाचत गेले, सात जून दोन हजार आठ.

आजींनी डोळे उघडले.

"काय म्हनला?"

"सात जून."

"सात जूनला मिरूग निगतो, बाई. आमचं पोरगं मिरगाचं न्हाय, वारीचं हाय. माउलीची पालखी फलटनाकडं हुती तवा झालंय. सून घरात, आन मी पालखीला जायाची राह्यली त्या साली, मला चुकंल व्हय?"

मी कागद खाली ठेवला आणि पुन्हा बघितला. अंकात लिहिलं होतं 06/07/2008, म्हणजे सहा जुलै, ते बरोबर. आधारवरही तेच. आणि अक्षरात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं सात जून. कपाटातून रजिस्टर नंबर एक काढलं, चार वर्षांपूर्वीची दाखल नोंद उघडली, तिथेही तेच. 2014 च्या जूनमध्ये पोरगं पहिलीत आलं तेव्हा मीच ती नोंद केलेली, जन्माच्या दाखल्यावरून अंक बरोबर उतरवले आणि अक्षरं लिहिताना महिना आधी वाचला, दिवस नंतर. चार वर्षं ती नोंद माझ्या डोळ्यासमोर होती, किती याद्या त्यावरून झाल्या, पण अंक जुळले की कुणी अक्षरं वाचत नाही. मी नाही वाचली, आणि कुणीच नाही. वाचता न येणाऱ्या बाईने ती चूक कानाने धरली.

मी आजींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या, आता लिवा." मग मी विचारलं की आजी, तुम्हाला एवढं वाचून घ्यायचं सुचलं कसं, तर पदराने तोंड पुसत त्यांनी सांगितलं. त्यांचा पोरगा, म्हणजे ह्या पोराचा बाप, भरतीला गेला होता. मैदान मारलं, लेखी मारली, आणि कागदपत्रं तपासणीला चौथीच्या दाखल्यावर नाव एक आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. फरक किती, तर एक काना. "एका कान्यापायी माझं पोरगं माघारी आलं, बाई. आता वझी उचलतंय." तेव्हा तो दाखला त्यांच्या मालकांनी आणला होता, घडी घालून, खिशात. कुणी वाचला नव्हता.

त्या दिवशी मी बाकीचे सहा दाखलेपण एकेक करून त्या त्या पालकांसमोर मोठ्याने वाचले. चार वाजले मला. आजी तोवर कडुलिंबाखाली बसून होत्या.

आता दुरुस्ती. रजिस्टरात खाडाखोड करून चालत नाही, मुख्याध्यापकालासुद्धा तो अधिकार नाही. ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला, पालकाचा अर्ज, त्याला शाळेचा प्रस्ताव, तो केंद्रप्रमुखांकडून तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात, आणि मंजुरी आली की मग तांबड्या शाईने नोंद, आदेशाचा नंबर, तारीख, सही. आमच्या ह्या पोराची मंजुरी यायला जुलै उजाडला. आणि हे नीट लक्षात ठेवा, पोराचं नाव शाळेच्या पटावर आहे तोवर ही दुरुस्ती सोपी असते, एकदा शाळा सुटली, दाखला गेला, पुढे दहावी झाली, की तेच काम फार किचकट होऊन बसतं, लोक कोर्टापर्यंत जातात. म्हणून म्हणते, आत्ता. सुट्टी लागायच्या आधी.

आजींना एकच घोर होता, दाखला अडकला तर पाचवीची शाळा घेईल का. तर घ्यावंच लागतं. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्या वेळी मी त्या हायस्कूलच्या सरांना चिठ्ठी दिली, पोरगं 15 जूनला वर्गात बसलं, दाखला मागाहून गेला. तुम्हाला कुणी "दाखला आणा मगच बघू" म्हटलं, तर ऐकून परत फिरू नका, कायद्याचं नाव घ्या. भांडू नका, नाव घ्या.

आपल्याकडे जुन्या माणसांत किती जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो बघा. माझ्या वडिलांचा 1 जून, चुलत्यांचा 1 जून. पोरगं शाळेत आलं की गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरायचं आणि 1 जून टाकायचं, शाळा जूनमध्ये भरायची म्हणून. त्या काळात खपून गेलं. आता आधार, शाळेचं पोर्टल, बँक, सगळं एकमेकांशी ताडून बघतात, एक दिवस इकडे-तिकडे झाला तरी फॉर्म पुढे सरकत नाही.

तर काय काय वाचायचं? पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, त्यातला प्रत्येक काना-मात्रा. आईचं नाव, माहेरचं नाही, आधारवर आहे ते. जन्मतारीख अंकात आणि जन्मतारीख अक्षरात, दोन्ही, वेगवेगळी, मोठ्याने. परत सांगते, अंकात आणि अक्षरात. जन्माचं गाव. जात-पोटजात लिहिलेली असते ती नीट, कारण पुढे जातीच्या दाखल्याला हाच कागद लागतो. आणि ज्यांचं पोरगं कुठेच जात नाही, त्याच शाळेत राहणार आहे, त्यांनीपण 1 मेला गुरुजींना म्हणावं की रजिस्टरातली आमची नोंद एकदा वाचून दाखवा. गुरुजी नाही म्हणणार नाहीत. मी तर म्हणते, त्यांना बरंच वाटेल.

वाचता येत नसेल तर लाजू नका, आजींसारखं सरळ सांगा, वाचा म्हणून.

जुलैत मी त्या आजींना निरोप धाडला. त्या आल्या, तीच पिशवी घेऊन. मी नवा दाखला पुढे केला तर म्हणाल्या, वाचा. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. सहा जुलैला आले, अंकात, मग अक्षरात. त्यांनी डोळे मिटले होते. म्हणाल्या, "आता परत एकदा, सावकाश." मी परत वाचलं. मग त्यांनी अंगठा केला, हात पदराला पुसला, कागद पिशवीत आधारच्या शेजारी ठेवला आणि पिशवीला गाठ मारली.

येते मंडळी. नमस्कार.